झोपेत रंगवलेल्या पाट्या

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय वहीस,

कशी आहेस? शिवण घट्ट आहे ना? पार्सलात कोपरे दुमडले नाहीत ना? लेकीने तुला पाठवलं आणि सोबत चिठ्ठी, "बाबा, काम अर्धं केलंत की हात शिवशिवतील. रोज चार ओळी लिहीत जा." मला पाट्या लिहिता येतात आणि पत्रं लिहिता येतात. दैनंदिनी कशी लिहायची ते कोणी शिकवलेलं नाही. तसं मला काहीच कोणी शिकवलेलं नाही. तेव्हा पत्रासारखंच लिहितो, तू सांभाळून घे.

पत्रात आधी सगळ्यांची तब्येत विचारतात, म्हणून विचारतो. उजवा गुडघा, तुझं कसं काय? (कुरकुरतो, पण चालतोय.) डावा गुडघा, तुझं? (उजव्यापेक्षा बरं, म्हणून त्याला जरा शिष्टपणा आलाय.) कंबर, तू? (शिडीवरून पडल्यापासून माझ्याशी बोलत नाही.) शिडी, तुला लागलं नाही ना? (छे. पडलो मी, ती उभीच होती.) चार नंबरचा ब्रश, केस गळतायत का? (गळतायत. दोघांचेही.) मग स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारलं, "तुझी तब्येत कशी आहे?" ही म्हणाली, "मला काय धाड भरलीये? काय सांडलंत?" म्हणजे उत्तम आहे.

आता मूळ गोष्ट. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो, बेचाळीस वर्षं. पुढची खोली म्हणजे माझा कारखाना, मागच्या दोन खोल्या म्हणजे आमचं घर. डिसेंबरात औषधवाल्याच्या पाटीचा शेवटचा ठिपका देताना शिडीवरून पडलो. ही सगळ्यांना सांगते की वरून पडलो. मी तिसऱ्या पायरीवरून पडलो, आणि पहिल्या दोन पायऱ्या तर मी स्वतःहून उतरलो असतो. पण मायलेकींनी फोनवर बैठक घेतली आणि निकाल लागला. शिडी बंद. काम फक्त सकाळी, बारापर्यंत. दुपारी झोपायचं. बारानंतर माझ्या हातात ब्रश दिसला, तर पुढच्या खोलीला कुलूप आणि आम्ही दोघं कायमचे लेकीच्या चौथ्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे, बाल्कनी आहे. पाटी लावण्यासारखं काहीही नाही.

मी शब्द दिला आहे. आजपासून अर्धा माणूस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गिऱ्हाइकांना कळावं म्हणून स्वतःच्याच दाराला पाटी केली. "काम फक्त सकाळी". तीन शब्दांना तीन सकाळी लागल्या. गर्द निळ्यावर पिवळी अक्षरं, प्रत्येक अक्षराला लाल सावली, आणि कडेने बारीक पांढरी रेघ. एवढी मेहनत मी कोणाच्या पैशांतही केली नव्हती.

शिंपी येऊन पाच मिनिटं पाटीसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "पेंटरबुवा, मला हीच पाटी पाहिजे."

"अहो, पण तुम्ही तर दिवसभर मशिनीवर असता."

"आता नसणार. एवढी देखणी पाटी लावायची आणि दुपारी दुकान उघडं ठेवायचं? लोक हसतील."

काम कमी केल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक काम वाढलं. हिला सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

शिंप्याचं ऐकून सलूनवाला आला. त्याचं ऐकून सायकलवाला. मग दातांचे डॉक्टर आले, त्यांनी तर वर "दात फक्त सकाळी" असं हवं म्हणून हट्ट धरला. आज सकाळी मोजल्या, सहा पाट्या भिंतीला टेकून उभ्या. दुपारी आमचा रस्ता आता असा चिडीचूप असतो की मांजरसुद्धा चुकल्यासारखं चालतं. पाट्या लागायच्या आधीच सगळे त्यांना जागून झोपलेले. ज्याने सगळ्यांना झोपायला लावलं त्याचंच काम बारापर्यंत उरकत नाही.

दुपारी झोपण्याची मला सवय नव्हती. पहिला आठवडाभर नुसता छताकडे बघत पडलो (पूर्वेच्या कोपऱ्यात पोपडा आलाय, काढायला हवा). आज मात्र लागली. अशी लागली की चारला हिने हलवलं तेव्हा मला वाटलं दुसरा दिवस उजाडला आणि मी दात घासून आलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विचित्र. सलूनवाल्याची पाटी मी बाराला अर्धी सोडून उठलो होतो. रेघा मारून झाल्या होत्या, पहिला शब्द भरला होता. चहा पिऊन पुढच्या खोलीत डोकावलो तर दुसरा शब्दही हिरव्याने भरलेला, ओला. बहुतेक सकाळीच भरला असेन आणि विसरलो.

चहा देताना हिच्या अंगठ्याला हिरवा रंग दिसला. मी विचारलं, तर म्हणाली, "खिडकीचे गज पुसत होते." आपले गज पांढरे आहेत. पण आतला जुना थर हिरवा असणार. किती जोर लावून पुसत असेल बिचारी! तिच्यासाठी रबरी हातमोजे आणायचे, लक्षात ठेव.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आता माझी झोप उडाली आहे, म्हणजे दुपार सोडून. सायकलवाल्याची पाटीसुद्धा झोपून उठल्यावर पूर्ण! मी जवळ जाऊन निरखलं. अक्षर माझंच आहे, पण माझं नाही. माझे काने सैनिकासारखे उभे असतात. हे काने जरा एका पायावर भार देऊन उभे आहेत, शेजारणीशी बोलायला थांबल्यासारखे. आणि वेलांट्या! मी वेलांटी काटकसरीने काढतो. ही वेलांटी ऐसपैस आहे, पाहुण्याला आग्रहाने वाढल्यासारखी.

खूप विचार केला. एकच अर्थ निघतो. मी झोपेत उठून रंगवतो.

हिला कळू देता कामा नये. बारानंतर माझ्या हातात ब्रश नको, असं ठरलंय. झोपेतला हात त्यात धरायचा की नाही, ते ठरलेलं नाही. कळलं तर पुढच्या खोलीला कुलूप आणि चौथा मजला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज बंदोबस्त केला. झोपण्याआधी पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधली, दुसरं टोक टर्पेंटाइनच्या रिकाम्या डब्याला, डब्यात तीन चमचे. उठलो की खडखडाट होणार आणि मी स्वतःला रंगेहाथ पकडणार.

चारला जागा झालो. डबा जागेवर. चमचे नाहीत. (ते स्वयंपाकघरात धुऊन पालथे घातलेले सापडले.) अंगठ्याची सुतळी सोडलेली आणि पलंगाच्या पायाला फुलासारखी गाठ मारून बांधलेली. मला फुलाची गाठ येत नाही. बुटाच्या नाड्यासुद्धा मी आयुष्यभर कशाबशा बांधतो. म्हणजे झोपेत मी नुसता रंगवत नाही, मला गाठीही येतात आणि मी भांडीही घासतो!

संध्याकाळी ही म्हणाली, "तुमच्या अंगठ्याला काय झालंय? लाल दिसतोय."

"वाढत्या वयाचं असेल," मी म्हणालो.

ती पदर तोंडाला लावून आत गेली. सर्दी होतेय की काय, विचारलं पाहिजे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पलंगापासून पुढच्या खोलीपर्यंत जमिनीवर पीठ पसरलं. पावलं उमटली की पुरावा. उठून बघतो तर पावलं उमटलेली! पण दोन गोष्टी जुळत नाहीत. एक, ती पलंगापासून सुरूच होत नाहीत, स्वयंपाकघरातून येतात. दोन, फार लहान आहेत. झोपेत पाय आक्रसतात का, हे डॉक्टरांना विचारायचं.

पुढे काही शोध लावण्याआधी ही झाडू घेऊन आली. "अहो, हे काय मांडलंय? निवृत्तीत घरी बसून बेकरी काढायचीये का?"

"मुंग्यांसाठी," मी म्हणालो.

"मुंग्यांना मारायला की जेवायला?"

झाडून होईपर्यंत मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो. तिचं लुगडं घोट्यापर्यंत पिठाने पांढरं झालं होतं. झाडताना उडालं असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझ्या लेकीहून लहान आहेत आणि मला आजोबा म्हणतात. तब्येतीपुढे मानापमान काय, सहन केलं.

"बाई, माणूस झोपेत काम करू शकतो का?"

"कसलं काम?"

"रंगकाम. आणि थोडी भांडी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "उठल्यावर कपड्यांना रंग लागलेला असतो का, आजोबा?"

"तेच तर! एक डाग नाही. जागेपणी मला एवढी सफाई कधी जमली नाही."

"घरी आणखी कोण असतं?"

"आमची ही असते. पण ती दुपारी पुढच्या खोलीत आवराआवर करत बसते, तिला कशाला यात ओढायचं."

बाईंनी आधी माझी नाडी बघितली. मग माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि चिठ्ठीवर लिहिलं, "घरी बोलणे. दिवसातून दोनदा, जेवणानंतर." औषध स्वस्त आहे, पण गिळायला जड. चिठ्ठी तुझ्या पानांत ठेवतोय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज अपमान झाला.

सलूनवाला आणखी एक पाटी सांगायला आला, दराची. जाता जाता म्हणाला, "काका, एक सांगू? राग नाही ना येणार? ही दुपारच्या हाताची द्या."

"दुपारचा हात म्हणजे?"

"म्हणजे माझ्या पाटीचा पहिला शब्द तुम्ही सकाळी केलात तो, आणि दुसरा दुपारी झाला तो. गिऱ्हाइकं खुर्चीत बसून दुसऱ्याकडेच बघतात. त्या अक्षराकडे बघून बरं वाटतं हो. तुमचं सकाळचं अक्षर बघून मान सरळ करून बसावंसं वाटतं."

"दुपारी झालेला? तुला कोणी सांगितलं?"

"दुपारी मी दुकान बंद करून आत पडतो ना, समोर तुमची खिडकी." असं म्हणून तो असा हसला की त्याच्या हातातला कंगवा खाली पडला. मी झोपेत कसा दिसत असेन देव जाणे. बहुतेक तोंड उघडं असणार.

बेचाळीस वर्षं जागा राहून काम केलं, कोणी म्हणालं नाही की बरं वाटतं. "वेळेवर दिलीत" म्हणाले, "भक्कम आहे" म्हणाले. आणि हा झोपेतला दहा दिवसांचा उमेदवार सगळं श्रेय घेऊन जातो. मला माझाच मत्सर वाटतोय. ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

ही वही आज उघडली तर मधे हिची केसांची पिन होती. खूण म्हणून बरी आहे, राहू दे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

झोपायचंच नाही असं ठरवलं. डोळे मिटून, कान उघडे ठेवून पडलो. पुढच्या खोलीतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी हलक्या आवाजात गुणगुणत होतं. ऐकून छान वाटलं. लग्न झालं तेव्हा ही पाट्यांमध्ये रंग भरायची, मी रेघा मारायचो आणि ही भरायची, तेव्हा अशीच गुणगुणायची. दोन वर्षं आम्ही तसं केलं. मग लेक झाली आणि ते राहून गेलं.

हे आठवता आठवता झोप लागली. दातांच्या डॉक्टरांची पाटी पूर्ण झालीय. दातांचा "दा" तर असा हसरा आलाय की त्यांना रोगी कमी पडतील.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आता लपवण्यात अर्थ नाही. आज सकाळी शिंप्याच्या दुसऱ्या पाटीवर रेघ मारताना मला शब्दच आठवेना. "फक्त" की "केवळ"? समोर स्वतःची पाटी टांगलेली असताना! झोपेत हुशार आणि जागेपणी मठ्ठ, असा मी होत चाललोय. उद्या माझं नावही झोपेत आठवेल आणि जागेपणी विसरेन.

तेव्हा निश्चय केला. उद्या लेकीला फोन करायचा. सांगायचं, बाई, शब्द पाळता आला नाही. ये आणि घेऊन जा आम्हाला. पुढची खोली बंद. ब्रश सलूनवाल्याला देईन, दाढीच्या साबणाला चालतील. शिडी कोणालाच देणार नाही, तिच्याशी माझा हिशेब बाकी आहे.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. मी असा बिघडलो तरी जो झोपेत रंगवतो तो भला माणूस असावा. त्याला एकदा भेटायचं होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला नाही.

सकाळी तुला उघडलं आणि कालच्या मजकुराखाली, पेनाने नाही, दोन नंबरच्या ब्रशने, हिरव्या रंगात, ऐसपैस वेलांट्यांसकट लिहिलेलं होतं. जसंच्या तसं उतरवतो, कारण रंग समोरच्या पानाला चिकटून निम्मं उलटं उमटलंय.

"अहो, वेडे आहात. झोपेत कोणी भांडी घासतं का? दोन आठवडे वाट पाहतेय, आता ओळखतील, मग ओळखतील. पिठातली पावलं बघूनही ओळखलं नाहीत. तुमचे पाय आक्रसले म्हणे! फोन करू नका. मला चौथ्या मजल्यावर जायचं नाही. तुम्ही लिहिलंय, लेक झाली आणि ते राहून गेलं. तसं नाही ते. चपलांच्या दुकानाची पाटी होती. माझी एक वेलांटी मोठी झाली. तुम्ही काही बोलला नाहीत, फडकं घेतलंत आणि पुसून नीट काढलीत. दुसऱ्या दिवशी मी ब्रश धरला नाही. तुम्ही विचारलंसुद्धा नाही. आता तुम्ही दुपारी घोरता आणि फडकं माझ्या हातात असतं, म्हणून काढते. शिंप्याच्या पाटीची खालची रेघ मारून ठेवा. माझी रेघ वाकडी येते. चहा झाकून ठेवलाय."

चहा गार झाला तरी मी तिथेच बसलो होतो. चपलांचं दुकान मला आठवतं. पाटी आठवते, तपकिरीवर पांढरं. पैसे किती मिळाले तेही आठवतं. फडकं आठवत नाही.

जे तिला पस्तीस वर्षं आठवत राहिलं ते मी एका क्षणात पुसलं होतं, आणि वर तुला सांगत बसलोय की माझी स्मरणशक्ती फेब्रुवारीत बिघडली.

मी आत गेलो. ही भाजी चिरत होती, मान वर केली नाही.

"रेघ मारून ठेवतो," मी म्हणालो.

"बरं."

"सुतळीची गाठ तूच मारलीस?"

"मग काय पलंगाने मारली?"

"आणि गज?"

"आपले गज पांढरे आहेत हो." मग तिला हसू आवरेना. सुरी बाजूला ठेवून, डोळे पुसत ती म्हणाली, "मुंग्यांसाठी म्हणे!" मीही हसलो, पण माझं हसू मधेच जरा ओलं झालं. कांद्याने असेल. ती दोडके चिरत होती, पण घरात कांदा होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन आला. मी खरं सांगितलं, आईने अर्धं काम घेतलंय. ती म्हणाली, "म्हणजे बाबा निवृत्त झाले आणि आई नोकरीला लागली?" मग म्हणाली, "बाबा, शिडीवर कोण चढणार?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "सलूनवाला." त्याला अजून माहीत नाही.

दुपारी मी झोपलो नाही. खुर्ची घेऊन पुढच्या खोलीत बसलो, हिची परवानगी काढून. अट अशी की मी मदतनीस. डब्याचं झाकण उघडायचं, ब्रश पुसून द्यायचा, मागितल्याशिवाय मत द्यायचं नाही. एका तासात मला दोनदा ताकीद मिळाली. एकदा टर्पेंटाइन सांडलं म्हणून आणि एकदा श्वास मोठ्याने घेतला म्हणून.

आमच्याच दाराची नवी पाटी होती. सकाळी रेघा मी मारल्या होत्या. ही भरत होती आणि गुणगुणत होती. दुसऱ्या शब्दाला ब्रश घसरला. वेलांटी रेघ ओलांडून वर गेली, चांगली बोटभर.

ती थांबली. गुणगुणणंही थांबलं. फडकं माझ्या मांडीवर होतं, कारण मदतनीसाकडेच फडकं असतं.

बेचाळीस वर्षांच्या हाताला काय झालं सांगू, तो आपोआप उचलला गेला. मी फडक्याची घडी केली, फडकं खुर्चीवर ठेवलं आणि त्याच्यावर बसलो.

"काय करताय?" ही म्हणाली.

"बसलोय."

"ओल्या रंगाच्या फडक्यावर?"

"बसलोय ना. तू भर."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे, आणि पुढची वेलांटी मुद्दामच आणखी मोठी काढली. आता दाराला ती पाटी आहे, "रेघा सकाळी, रंग दुपारी". आणि माझ्या विजारीला मागे दोन हिरवे गोल आहेत. सलूनवाला म्हणतो, माझं आजवरचं सर्वांत चांगलं काम तेच.

प्रिय वहीस, आता हे पान तुझ्यासाठी नाही, पण तू जागेवर राहा. हे तुझ्या दुसऱ्या वाचकासाठी आहे, जिची केसांची पिन मी जपून ठेवली आहे.

अगं ए, तुझ्या मनगटाची तब्येत कशी आहे? पाठ दुखत नाही ना इतका वेळ बसून? अंगठा नीट धुतलास ना? चपलांच्या दुकानाच्या त्या वेलांटीबद्दल मला जे म्हणायचंय ते तोंडाने बोलताना माझी बोबडी वळते, म्हणून इथे लिहितो. ती चुकली नव्हती. मोठी होती. मला तेव्हा फरक कळला नाही.

उजव्या हाताचं पान कोरं सोडलंय. हिरव्यानेच लिही, वाळेपर्यंत वही उघडी ठेवीन. उत्तर लवकर लिही, मी स्वयंपाकघराच्या दाराशीच बसलोय.